तिसरी काच

शाळेत आपण सदिश राशी शिकलो. परिमाण आणि दिशा सांगणारा साधा बाण. तो कुठवर पोचतो, एवढंच आज सांगते.

पोलरॉइडच्या दोन काचा एकमेकींशी ९०° कोनात धरल्या, की प्रकाश अडतो. त्यांच्यामध्ये ४५° कोनात तिसरी सरकवली, तर पलीकडे उजेड येतो! काच म्हणजे नुसती गाळणी असती, तर असं झालं नसतं.

फोटॉनची ध्रुवण-अवस्था हा १ लांबीचा सदिश माना. काचेच्या दिशेने त्याचा घटक, म्हणजे बाणाची सावली, काढा. तिचा वर्ग ही फोटॉन पार होण्याची संभाव्यता. ९०° ला ती शून्य, ४५° ला निम्मी. फोटॉन अर्धा जात नाही. अख्खा जातो किंवा अडतो. पार झालेल्याची जुनी दिशा पुसली जाते, काचेची दिशा तीच त्याची होते. म्हणून आदर्श काचा असतील, तर पहिलीतून आलेल्या १०० फोटॉनपैकी सरासरी ५० मधलीतून आणि २५ शेवटच्या काचेतून निघतात.

एकेका फोटॉनचं काय होईल, हे आधी सांगता येत नाही. पण शंभरांचा हिशेब फळ्यावरचा बाण सांगतो. तो काढायला शिकवणाऱ्या सर्व सर-बाईंना नमस्कार.