फी माफ झाली, पोरगी पोचली का?

(वरसे, ता. रोहा येथील बैठकीतील भाषण)



कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातून तुम्ही या भाताच्या गावी आलात. पिकं वेगळी, पण लेकीच्या शिक्षणाचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. तोच आज मांडू.

रोह्याशी नातं असलेले चिंतामणराव देशमुख १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५८ साली त्यांच्या पत्नी दुर्गाबाई स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्ष झाल्या. तेव्हा कॉलेजात मुली मोजक्याच. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशातल्या ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांत २ कोटी ७ लाख मुली निघाल्या. डोकी मोजली तर बरोबरी जवळ आली. पण इंजिनिअरिंगला दहांत जेमतेम तीनच मुली.

८ जुलै २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलं झालं. पण खोलीभाडं, खानावळ माफ नाही. एस.टी.चा फुकट पासही बारावीपर्यंतच.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो. पाऊस सगळ्या शिवारात पडतो, पण भारी रानात ओल धरते आणि मुरमाड रानातून पाणी वाहून जातं. सवलतीचंही तसंच. शिकलेल्या, पैसा बाळगून असलेल्या घराला ती आधी लागते. इथली कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात, मराठवाड्यातली ऊसतोडीला. त्यांची पोर आठवीतच गळाली, तर पदवीची माफी तिच्या काय कामाची? मग सवलत वाढते आणि अंतरही वाढतं.

आपल्या घरातही पाहा. वेचणीला माणूस कमी पडलं की शाळा बुडते ती लेकीची. कापसाला भाव नाही, मजूर परवडत नाही, म्हणून ती बिनपैशाची मजूर होते. भावासाठी सरकारशी भांडूच. पण लेकीची शाळा बुडवायचं आपल्याच घरात ठरतं.

तालुक्याच्या ठिकाणी मुलींचं वसतिगृह आपण मागूच. गावी गेल्यावर मात्र एवढं करा. वेचणीसाठी पोरीला शाळेतून काढू नका. बारावीच्या निकालाआधी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला काढून ठेवा. सरकारी प्रवेश फेरीतूनच प्रवेश घ्या; व्यवस्थापनाच्या कोट्यातल्या जागेला माफी नाही. शिक्षण पुरं होईपर्यंत सोयरीक बघू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं दोन आकडे आणावेत: बारावीनंतर किती मुली पुढे गेल्या आणि किती घरी बसल्या.