यादीत शेळी कुठे लिहायची?

(महिला मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



रोजच्या जगण्यातला आनंद आणि कृतज्ञता यावर मी बोलावं असं ठरलंय. खरं सांगते, कृतज्ञता हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठी पडते. बाईला जन्मभर तेच शिकवलेलं असतं. नवरा पीत नाही ना, मग उपकार मान. सासूने पंचमीला माहेरी धाडलं, उपकार मान. म्हणून आपण चळवळीतल्या बाया या शब्दापासून चार हात लांब राहिलो. पण त्यात एक चूक झाली. शिबिरांतून, पथनाट्यांतून आपण दुःख बोलायला शिकलो. सुख विचारायचं राहूनच गेलं.

ही चूक मला एका बाईने दाखवली. 2009 सालची गोष्ट. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ही बाई. नवऱ्याने मारून काढलेली, लेकीला घेऊन नेसत्या लुगड्यानिशी केंद्रावर आली. परत मागायच्या वस्तूंची यादी आम्ही लिहायला घेतली. मणीमंगळसूत्र, भांडी, मुलीचा शाळेचा दाखला. "आणखी काय?" तर म्हणाली, "माझ्या शेळ्या." आमच्यातली एक हसली. मीही हसले असेन. म्हटलं, "अगं, आधी पोटगीचं बघू."

ती जरा वेळ गप्प बसली. मग शेळ्यांबद्दल बोलायला लागली ती अर्धा तास थांबली नाही. माराबद्दल तिने दोनच वाक्यं सांगितली होती.

पहिली शेळी तिने अर्धलीने राखली. म्हणजे शेळी दुसरीची, चारापाणी हिचं आणि करडं निम्मी निम्मी. त्या वाट्याच्या करडाची पुढे हिची स्वतःची शेळी झाली. काळी, उस्मानाबादी, बहुतेक वेळा जुळं देणारी. पाच महिने भरले की ही रात्रभर कंदील घेऊन तिच्याजवळ. करडू बाहेर आलं की त्याचं नाकतोंड पुसायचं, मग ते पडत-धडपडत उभं राहून सड शोधतं ते बघत बसायचं. "तवा वाटायचं, आपल्या हातनं कायतरी बरं झालं." बाहेर पावसाची झड, लेक मांडीवर, करडं चुलीपाशी. त्या घरातल्या तेवढ्या रात्री तिच्या स्वतःच्या होत्या.

आमच्याकडे पोळ्याला बैलाचं ऋण मानतात, वसुबारसेला गाय-वासराचं. शेळीला सण नाही. बाईच्या जित्राबाला कोण ओवाळणार!

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात सासुरवास आहे, तसं लेकराचं, भावाचं, बैलाचं कौतुकही आहे. आपण सभांसाठी सासुरवास तेवढा उचलला. कौतुकाला भाबडेपणा म्हणून बाजूला सारलं.

अर्थात या सुखाचा आपल्याविरुद्ध वापर होतो, हे मी विसरलेली नाही. "तिला आवडतं, म्हणून करते" असं म्हटलं की मजुरीचा प्रश्नच मिटतो! अंगणवाडीच्या ताईंना वेतन नाही, मानधन मिळतं. त्या 'मान' शब्दामागेही हाच हिशेब आहे. पण म्हणून काय आवडतं म्हणायचंच नाही? तिला शेळ्या आवडत होत्या आणि त्या तिच्या होत्या. दोन्ही खरं.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं कलम 19 पुन्हा वाचलं. स्त्रीधनाबरोबर तिच्या हक्काची इतर मालमत्ताही परत द्यायचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. यादी नव्याने लिहिली, शेळ्या सगळ्यात वर. पण पुरावा? शेळीची पावती कुणाकडे असते? कोर्टात जाण्याआधी गावात बसलो. तिथे अर्धलीने शेळी देणारी म्हातारी स्वतः उठून आली. चौघांदेखत काळ्या शेळीचा कान धरून म्हणाली, "ही माझ्या शेळीची लेक. हिच्या वाट्याची."

चारातल्या दोन मिळाल्या. दोन नवऱ्याने आधीच बाजारात विकल्या होत्या. त्यांचे पैसे अजून आलेले नाहीत.

पुढे ती आमच्या गटात यायला लागली. एकदा बैठकीच्या दिवशी सकाळीच निरोप आला, शेळी आज व्यायला झालीय, येत नाही. आम्ही बैठक दुसऱ्या दिवशी ठेवली, तिच्याच अंगणात.