आधी वास, मग घोट

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात ‘शाळेनंतर शिकलेली एक गोष्ट’ या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी तो जरा हळू आवाजातच सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, “अगं, सर येणार आहेत, माहीत आहे ना?” माहीत आहे. सर पहिल्याच रांगेत बसले आहेत आणि शेजारी मराठीच्या बाईही आहेत. आपल्यातला एक जण आत्ता मधमाश्या पाळायला कसा शिकला ते सांगून गेला, एक मैत्रीण चाळिशीनंतर पोहायला शिकली. मी शिकले ती व्हिस्की. म्हणजे ती ओळखायला, निवडायला आणि चवीने प्यायला. आणि सर, यात थोडा दोष तुमचाही आहे. कसा, ते सांगते.

प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी तुम्ही आम्हाला दम दिला होता. कुठल्याही परीक्षानळीत नाक खुपसायचं नाही. नळी लांब धरायची, हाताने वाफ आपल्याकडे ओढायची आणि अगदी थोडा वास घ्यायचा. एका शहाण्याने अमोनियाच्या नळीत नाक घातलं होतं आणि तासभर डोळे पुसत बसला होता. तो आज इथे आहे. हसू नका, तो बघतोय.

आता दुसरी गोष्ट, जी शाळेत मी कोणालाच सांगितली नव्हती. काही जणांना ती न सांगता माहीत होती. माझे काका प्यायचे. देशी. आमच्या घरी ‘दारू’ हा शब्द उच्चारत नसत. “आज त्यांची तब्येत बरी नाही” असं म्हणत. संध्याकाळी ओसरीवर चपलांचा आवाज आला की आई माझी वही-पुस्तकं उचलून मला आतल्या खोलीत बसवायची. तो वास दाराखालून आत यायचा. काका बावन्नाव्या वर्षी गेले, यकृत संपलं होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. आपण या गोष्टीला आयुष्यात शिवायचं नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं आणि पुढे बरीच वर्षं पाळलंही.

२०१६ साली कंपनीने मला एका प्रोजेक्टसाठी एडिंबराला पाठवलं. तिथे शुक्रवारी संध्याकाळी टीम पबमध्ये जायची. मी सफरचंदाचा रस घेऊन बसायचे. आमच्यात साठीला आलेली एक स्कॉटिश टेस्टर होती. माझ्या कोडमधल्या चुका ती इतक्या शांतपणे दाखवायची की राग यायचा नाही. तिने एकदा आपला ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “पिऊ नकोस. फक्त वास घे.”

मी नाक बुडवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरवतात त्या बोळ्याचा वास. ती म्हणाली, “इतकं जवळ नाही. ग्लास हनुवटीपाशी धर, तोंड किंचित उघडं ठेव आणि वासाला तुझ्याकडे येऊ दे.” तेव्हा मला हसू आलं. हे तर आमच्या सरांनी आठवीतच सांगितलं होतं!

दुसऱ्यांदा वास घेतला. तिने विचारलं, “काय येतंय?” तोंडी परीक्षेत घशाला पडायची तशी कोरड पडली. मी बरोबर उत्तर शोधायला बाटलीकडे पाहिलं. मागच्या बाजूला वर्णन छापलेलं होतं. त्यात हेदरची फुलं होती, ख्रिसमसचा केक होता. मी हेदर कधी हुंगलं नव्हतं, पण “हेदर” म्हणणार होते. तिने बाटलीवर हात ठेवला आणि म्हणाली, “इथे बघू नकोस. तुझ्या लहानपणी कसले वास होते?”

मग मी पुन्हा वास घेतला आणि एकदम आठवलं ते आपल्या वेशीवरचं गुऱ्हाळ. काहिलीत उकळणारा रस, वर येणारी मळी आणि खाली पेटलेलं चिपाड. मी तिला तोडक्यामोडक्या शब्दांत ते सांगितलं. ती म्हणाली, “मग वहीत हेच लिही.” त्या रात्री मी दुकानातून शंभर पानी वही आणली. ती वही मी आज सोबत आणली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय: ‘गुऱ्हाळ. नंतर ओलं लाकूड. नंतर माहीत नाही.’

हे ‘माहीत नाही’ लिहायला मला सदतीस वर्षं लागली. शाळेत आपण रिकामी जागा कधी सोडली नाही, काहीतरी भरून यायचो. नोकरीतही मीटिंगमध्ये मान डोलावत राहिले. त्या वहीत मात्र ‘माहीत नाही’ असलेली पानं सगळ्यात कामाची ठरली, कारण तेच वास मी पुढे शोधत गेले.

आता थोडं शास्त्र. सर, चुकलं तर इथेच कान धरा.

व्हिस्की धान्यापासून करतात. माल्ट व्हिस्कीसाठी बार्ली भिजवून तिला मोड आणायचे, ती वाळवायची, दळायची, गरम पाण्यात तिची साखर उतरवायची, आंबवायची आणि तांब्याच्या भांड्यांत ऊर्ध्वपातन करायचं. बाहेर येतं ते पाण्यासारखं पारदर्शक असतं. रंग आणि बरीचशी चव येते ती ओकच्या पिंपातून. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात निदान ३ वर्षं मुरावं लागतं आणि बाटलीत मद्यार्क ४० टक्क्यांहून कमी चालत नाही. यातली बरीच पिंपं अमेरिकेतून येतात. तिथे बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या कोऱ्या ओकमध्येच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडला जातात. त्या लाकडातून व्हॅनिलिन उतरतं. आपल्या आइस्क्रीममध्ये असतं तेच. शेरी वाइनच्या पिंपात मुरलेलीला मनुका, खारीक, जायफळ असा वास येतो. माझ्या वहीत त्यापुढे लिहिलंय: ‘दिवाळीचा डबा’.

आणि धूर? तो पाहायला मी आयला नावाच्या बेटावर गेले. तिथे लाकूडफाटा कमी. दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेल्या वनस्पतींचा थर, ज्याला पीट म्हणतात, तो विटांसारखा कापून वाळवतात आणि जाळतात. मोड आलेली बार्ली त्या धुरावर वाळवली की धूर दाण्यात शिरतो आणि बाटलीपर्यंत टिकतो. लॅफ्रॉइग, लागावुलिन, आर्डबेग ही नावं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथल्या लोकांना त्यात समुद्र आणि आयोडीन जाणवतं. मला आजीची गोवऱ्यांची चूल आणि सरकारी दवाखाना, दोन्ही एकदम आठवले.

सुरुवात करणाऱ्याने निवडायचं कसं, हे मला पुष्कळ जण विचारतात. आतासुद्धा मागच्या रांगेतले दोन चेहरे एकदम सावध झालेले दिसले. तर मी शिकले ते एवढंच.

पहिलं, पूर्ण बाटली घेऊ नका. ५० मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या मिळतात, किंवा चांगल्या ठिकाणी एक लहान पेग मागवून दोघांत वाटून घ्या. मी पहिली मोठी बाटली भावावर भुलून घेतली. ती सगळी धुराची होती आणि दोन वर्षं कपाटात पडून राहिली.

दुसरं, लेबल वाचा. ‘सिंगल माल्ट’ म्हणजे एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्ट बार्लीची. ‘ब्लेंडेड’ म्हणजे माल्ट आणि इतर धान्याच्या व्हिस्कींचं मिश्रण. ब्लेंडेड म्हणजे हलकी, असं नाही. वय लिहिलेलं असेल तर ते त्यातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं असतं. पण वय म्हणजे गुण नव्हेत. १८ वर्षांची १२ वर्षांचीपेक्षा महाग असते, आवडेलच असं नाही. रंगावरही जाऊ नका, स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला परवानगी आहे. पिंप कसलं होतं ते शोधा, चवीचा अंदाज त्यावरून जास्त येतो. सुरुवात बिनधुराच्या, बर्बन पिंपातल्या व्हिस्कीने करा.

तिसरं, ग्लास ट्यूलिपच्या फुलासारखा, वर निमुळता घ्या, म्हणजे वास आत राहतो. बर्फ नको, गारव्याने वास दबतो. पहिला घोट अगदी लहान, जिभेवर फिरवून. मग चमच्याने दोन-चार थेंब पाणी घाला आणि पुन्हा वास घ्या. पाण्याने वास खुलतो हे मला सुरुवातीला थोतांड वाटलं होतं. पण २०१७ साली स्वीडनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर रेणूंचं सिम्युलेशन केलं. ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू घेतला. मद्यार्काचं प्रमाण कमी केलं की तो पृष्ठभागाकडे, म्हणजे आपल्या नाकाकडे राहतो, असं त्यांना दिसलं. सिम्युलेशन म्हटल्यावर माझ्यातली इंजिनिअर गप्प बसली.

आता परत आपल्या मातीत येऊ. बेंगळुरूच्या अमृत कंपनीने आपली सिंगल माल्ट २००४ साली आधी थेट ग्लासगोत नेऊन विकायला ठेवली. पुढे २०१२ साली गोव्याची पॉल जॉन आली. ती कुंकळ्ळीला बनते. पिंपातून दर वर्षी थोडी व्हिस्की उडून जाते, त्याला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्या उन्हात तो त्याच्या कितीतरी पट होतो, पण व्हिस्की मुरतेही भराभर. त्यामुळे इकडची चार-पाच वर्षांची व्हिस्की तिकडच्या दुप्पट वयाच्या व्हिस्कीला घाबरत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या साखर कारखान्याच्या गावात सांगायलाच हवी. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या बऱ्याच स्वस्त बाटल्यांत मुख्य भाग मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा असतो. युरोपात अशा पेयाला व्हिस्की म्हणता येत नाही. आपली देशी दारूही त्याच मळीच्या मद्यार्काची. माझ्या काकांना घेऊन गेली ती आपल्या कारखान्याच्या चिमणीखालून वाहणाऱ्या मळीची बहीण. आणि माझ्या वहीच्या पहिल्या पानावर जे गुऱ्हाळ आहे, ते त्याच उसाचं. हे लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून ठेवली. काही महिने उघडली नाही.

पुण्याला परत आल्यावर बाटल्या पुस्तकांमागे ठेवायचे. रीतसर परवानाही काढला, कारण महाराष्ट्रात तो लागतो आणि वयाची अट २५ आहे. म्हणजे सरकारला माहीत होतं, आईला नव्हतं. एका पावसाळ्यात आई राहायला आली. पुस्तकं झटकायला घेतली आणि बाटल्या सापडल्या. तिने काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी मला वाटलं, मी पुन्हा आतल्या खोलीत बसले आहे, फक्त या वेळी वास माझा आहे.

रात्री मीच वही तिच्यापुढे ठेवली. सगळं सांगितलं. महिन्यातून दोनदा, एक लहान पेग, तोही तासभर. तिने वही चाळली. ‘गुऱ्हाळ’, ‘दिवाळीचा डबा’, ‘आजीची चूल’ वाचून थांबली. म्हणाली, “आण बघू तो ग्लास.” मी गारच पडले. तिने ग्लास लांब धरला, हाताने वास ओढला. सर, तुमच्याकडे न शिकताच! बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “चिपाडाचा धूर आहे खरा.” आणि थोड्या वेळाने, “भावजींनी कधी वास घेतला नाही गं. नाक दाबून प्यायचे. त्यांना ती नकोच होती, फक्त ती प्यायल्यावर जे विसरायला होतं ते हवं होतं.”

तीस वर्षांत आमच्या घरात काकांबद्दल कोणी इतकं बोललं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघी पहाटेपर्यंत त्यांच्याबद्दल बोललो. ते पेटी किती छान वाजवायचे, हे मला तेव्हा कळलं. ग्लास तसाच राहिला. सकाळी मी तो ओतून टाकला.

जाताना आई एवढंच म्हणाली, “ज्या दिवशी वास न घेता प्यावीशी वाटेल, त्या दिवशी मला फोन कर.” माझा नियम तो आहे. आत्तापर्यंत दोनदा असं वाटलं. एकदा नोकरीत कपात झाली तेव्हा आणि एकदा बाबा गेले तेव्हा. दोन्ही वेळा बाटली न उघडता फोन केला.

म्हणून माझं ऐकून कोणी सुरू करू नका, हे कळकळीने सांगते. मद्याचं कुठलंच प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्वच्छ सांगितलंय. माझी वही हा त्यावरचा उतारा नाही. आपल्यातल्या ज्यांनी सोडली आहे, त्यांनी माझ्यापेक्षा फार अवघड गोष्ट शिकून घेतली आहे, त्यांना माझा नमस्कार. जे घेतात, त्यांनी पुढच्या वेळी ग्लास उचलताना सरांची परीक्षानळी आठवावी. लांब धरायचा, थोडा वास घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं, काय येतंय? उत्तर ‘माहीत नाही’ आलं तरी चालेल. उत्तर ‘काही का असेना’ असं आलं, तर ग्लास खाली ठेवा आणि कोणाला तरी फोन करा. आपल्या बॅचच्या यादीत माझा नंबर आहेच.

सर, तुमच्या तासाला शिकलेलं इतक्या उशिरा आणि इतक्या भलत्या ठिकाणी वापरलं, त्याबद्दल माफी असावी.