सातबाऱ्यावर आपलं नाव कुठं आहे?

कापसाची वेचणी सुरू आहे, हात गुंतलेले असतील. हात चालू द्या, कान तेवढे इकडं द्या.

आमच्या गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्यांच्या परवानगीनं सांगतोय. नवरा वारला तेव्हा पोरं लहान होती, एक सात वर्षांचा, एक चार. तीन एकर वावर. वारसाची नोंद दिरानं करून आणली. सातबाऱ्यावर दोन्ही पोरांची नावं लागली आणि त्यांच्यापुढं लिहिलं ‘अ.पा.क. आई’. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. ताईंना वाटलं, आपलंही नाव लागलं. पंधरा वर्षं त्यांनी नांगरणी, पेरणी, सोसायटीचं कर्ज, सगळं निभावलं. पोरं सज्ञान झाली, तसा तो शेरा कमी झाला. परवा शेळ्यांच्या कर्जासाठी आम्ही कागद गोळा करत होतो, तर सातबाऱ्यावर ताई कुठंच नाहीत! पालनकर्ती ही मालकीण नसते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही तेव्हाच कळलं.

आपल्याकडची रीत काय? वावर बापाकडून लेकाकडं जातं. लेकीला साडीचोळी, दिवाळीला बोळवण. विधवेला भाकरीपुरतं. मोठ्या भावाचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागतं आणि मग बाकीचे हळूहळू विसरले जातात. बहिणींची नावं लावलीच, तर कब्जेदाराच्या रकान्यात न लावता शेजारी ‘इतर अधिकारा’त सारतात.

कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं मृत्युपत्र न करता माणूस वारला, तर त्याच्या हिश्श्यात त्याची आई, बायको, मुलगे आणि मुली सारख्या वाटणीचे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं हक्क आपल्या राज्यानं २२ जून १९९४ ला दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशाच्या कायद्यानं ती अटही काढली. बाप त्या तारखेला हयात असायलाच हवा असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली रीतसर वाटणी मोडता येत नाही. आपल्या बौद्ध, जैन, शीख मैत्रिणींनाही हाच कायदा. मुस्लिम बहिणींचा वेगळा, त्यात लेकीला लेकाच्या निम्मं. जिंतूरकडच्या आंध समाजातल्या बायांना १९५६ चा कायदा सहसा लागत नाही. तिथं रूढी बघतात. पण छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बाईला हिस्सा मिळत नाही अशी रूढी सिद्ध झाली नसेल, तर तिला वगळता येणार नाही.

आमच्या ताईंचा हिस्सा निघतो तिसरा, म्हणजे एक एकर. सासू आधीच वारल्या होत्या, मुलगी नाही.

आता हक्कसोडीचं. भाऊ गाडी घेऊन येतो, तालुक्याला नेतो, दुपारी जेवण, साडी, आणि दुय्यम निबंधकासमोर अंगठा. आमच्यातल्या तिघींनी असा अंगठा नाहीतर सही दिलेली आहे, आणि त्यातली एक म्हणजे बोलणारी समन्वयक. बीए झालेली, तरी वाचलं नाही. वाचायला मागितलं असतं, तर भावाला वाईट वाटलं असतं! भावाला दोष देत नाही. दोन एकरात त्याचंही भागत नाही, लग्नांचं कर्ज त्यानंच फेडलं. कुणी समजून-उमजून हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण नोंदणी झालेली हक्कसोड सहजी परत फिरत नाही. म्हणून सहीआधी कागद घरी आणा, वाचून घ्या.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८६ ला चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढं ‘लक्ष्मीमुक्ती’ काढली, की नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी. १९९२ मध्ये सरकारनंही नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायला मुभा दिली. कुंकवाचा धनी हयात असताना हे करून घेणं सगळ्यात सोपं. मागं भावकी उभी राहते.

माणूस गेला तर तीन महिन्यांत तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, वारसाचा अर्ज द्या. पोच घ्या. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्या पंधरा दिवसांत वारसांच्या यादीत आपलं नाव आहे का, हे स्वतः जाऊन बघा. चुकीची नोंद मंजूर झालीच, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. उशीर झाला असेल तर त्याचं कारण लिहून द्यावं लागतं. नोंद असली-नसली तरी कायद्यानं मिळालेला हिस्सा बुडत नाही. सातबारा महसुलाचा कागद आहे, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात सुटतो. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. परभणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.

ताईंचा थोरला म्हणाला, “आई, आम्ही काय परके आहोत का?” ताई म्हणाल्या, “परके नाहीस, म्हणून तर तुलाच संगं नेणार आहे.” दोघांनी मिळून अपिलाचा अर्ज दिलाय. धाकटा अजून रुसलेला आहे. सुनावणीची तारीख पडलीय, गटातल्या चौघी सोबत जाणार आहेत.

पुढच्या बैठकीला येताना बचतीच्या पासबुकासोबत सातबारा आणि आठ-अ घेऊन या. सासरचा आणि माहेरचा, दोन्ही.