दंडाच्या पावतीवर नाव आहे, दाव्यावर का नाही?

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण. बोलली तसंच उतरवलं आहे, थोडं कमी केलं आहे.)



मघाशी साहेब समानतेवर बोलून गेले. चांगलं बोलले. पण ते खुर्चीवर होते नि आपण खाली सतरंजीवर, तेवढं मी बघून ठेवलं.

मतदानाला आपल्या बोटाला नि साहेबाच्या बोटाला शाई एकच. दुसऱ्या दिवशी मोळी घेऊन येताना गार्ड भेटला, की आपण ‘ए’ आणि तो ‘साहेब’. घटनेचं कलम 14 सांगतं, कायद्यापुढं सगळे सारखे. कलम 22 सांगतं, धरून नेलं तर कशासाठी ते सांगायला पाहिजे, वकील घेऊ द्यायला पाहिजे, वाटेचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायला पाहिजे. हे पाठ करा. दोन-दोन दिवस ऑफिसात नुसती बसवून ठेवलेली माणसं या मांडवात आहेत, मी कोणाचं नाव घेत नाही.

1946 साली घटना समितीत जयपालसिंग मुंडा बोलले. आदिवासी माणूस, 1928 च्या ऑलिंपिकात आपल्या हॉकी संघाचा कप्तान. ते म्हणाले, आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती तुम्हीच त्यांच्याकडनं शिका. मला हे लई आवडायचं, गावोगाव सांगायची मी. आता सांगताना जीभ अडखळते. का, ते ऐका.

आमच्या पाड्यावर दावे भरले. समितीत मीच लिहिणारी. एक बाई आहे, नवऱ्यानं टाकलेली, बाप मेल्यापासून बापाचा प्लॉट तीच कसते. नागली, वरई, बांधाला तूर. बांधही तिनंच घातला. दावा भरताना भाऊ पुढं आला, म्हणाला माझं नाव लिही. चार जण म्हणाले, बरोबर आहे. मीपण लिहिलं. बाई दारात उभी होती, काही बोलली नाही. आपण समजलो, तिची हरकत नाही.

मग पुरावे जोडायला तिनं पत्र्याच्या डब्यातनं दंडाची पावती काढून आणली. 2003 ची. त्यावर नाव कोणाचं? तिचं! गार्डानं दंड घेताना बाई ओळखली, आणि आम्ही हक्क देताना विसरलो. मला त्या रात्री झोप नाही.

आता कायदा काय म्हणतो? 2006 चा वनहक्क कायदा सुरुवातीलाच कबूल करतो, की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताबा पाहिजे. लग्न झालेलं असलं तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा. घर एकटीच्या जिवावर चालत असलं तर तिच्या एकटीच्या नावानं. ही कोणाची मेहेरबानी नाही, कलम 4 मध्ये लिहिलंय. पुरावाही एकाहून जास्त पाहिजे. तिच्याकडं पावती आहे, बांध आहे, आणि म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घेतला की तोही पुरावा.

कोणी म्हणतं, बाईच्या नावावर केली तर जमीन बाहेर जाईल. कशी जाईल? हा हक्क विकता येत नाही, फक्त वारसांना जातो. आणि पोरींना हिस्सा देताना जमीन बाहेर जाते म्हणणारे दारूच्या उधारीवर आंबा गहाण टाकतात, तेव्हा काय बाहेर जातं? हसू नका, तुमच्यातलेच आहेत.

रेंजरपुढं आपण म्हणतो, आम्हाला विचारल्याबिगर निर्णय घेऊ नका. हेच त्या बाईला म्हणायचा हक्क नाही का? आपण तिला विचारलंच नव्हतं. समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत म्हणून नावं टाकलीत, पण सभेच्या दिवशी त्या चुलीपाशी असतात. चहा कोण करतो सभेला? पुढच्या वेळी पुरुषांनी करावा. करून बघा.

तुमच्या पाड्यावरचे दावे बाहेर काढा, एकेक नाव वाचा, कोण कसतं ते विचारा. तालुक्याला गेलेला दावा असला तरी ग्रामसभेनं ठराव करून दुरुस्तीची मागणी लेखी द्या, पोच घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, कोणालाच, मलापण नाही.

आमच्या पाड्यावर रविवारी ग्रामसभा आहे. त्या बाईला मी स्वतः सांगून आले, तू बोल. ती म्हणाली, बघते. भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही.