कोळ्याचे औषध आणि चुळबुळे मूल

होमिओपॅथीत ‘टॅरेंटुला हिस्पॅनिका’ हे औषध कोळ्यापासून करतात. आठ पायांचा कोळी हं, आपले महादेव कोळी बांधव नव्हेत! क्षणभर न बसणाऱ्या, पण गाणे लागताच शांत होणाऱ्या मुलाला ते देतात.

इथे लोणी काळभोरला वस्तीवरच्या एका ताईंनी त्याच गोळ्या दाखवून मला विचारले, “चालू ठेवू का?”

म्हटले, “ताई, ३० पोटन्सी म्हणजे शंभरपट पातळ, तेही ३० वेळा. कोळ्याचा कणही उरत नाही. त्याने चंचलपणा जातो असा भक्कम पुरावा नाही. आधी पोराचे कान तपासा.”

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत फुकट तपासते. तिथे कान फुटलेला निघाला. बाईंचे बोलणे ऐकूच येत नव्हते, मग एका जागी बसेल कसा? उपचार चालू आहेत. बाई आता त्याला पहिल्या बाकावर बसवतात.