कुंकवाची जागा

रिसोड-मालेगावकडे सोयाबीन निघालं की हरभऱ्याची घाई सुरू होते. बियाण्याला स्युडोमोनासची भुकटी चोळता ना? ती नुसती भुकटी समजू नका. त्यात जिवाणू आहेत, आणि त्यांच्या काही वाणांत क्लोरीन जोडणारं एक विकर असतं. मला त्याच्याबद्दलच बोलायचंय.

कारखान्यात टोल्युइनमध्ये फेरिक क्लोराइड घालून क्लोरीन सोडतात. तो टोल्युइनच्या कड्यावर ऑर्थो म्हणजे शेजारच्या जागीही बसतो, पॅरा म्हणजे समोरच्या जागीही. मिरवणुकीतला गुलालच तो. कपाळावर पडतो, कानात जातो, सदराही माखतो. मग ते वेगळं करत बसा.

विकर मात्र कुंकू लावतं. आई डाव्या हाताने लेकीची हनुवटी धरते, उजव्या बोटाने भुवयांच्या बरोबर मधे टेकवते, तसं. लेक हलली की कुंकू फिसकटतं, म्हणून आधी हनुवटी धरायची. हे विकर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा रेणू असाच पक्का धरतं आणि क्लोरीन सातव्या कार्बनवरच ठेवतं. त्याची रचना 2005 साली समजली. मिठातल्या क्लोराइडपासून ते हायपोक्लोरस आम्ल बनवतं. ग्रामपंचायत विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकते, तेव्हा पाण्यात तयार होतं तेच हे आम्ल. ते मोकळं सुटलं तर दिसेल त्याला लागेल. म्हणून विकराच्या पोटात एक बोगदा आहे, जेमतेम एक नॅनोमीटर लांब. आम्ल त्यातूनच ट्रिप्टोफॅनपर्यंत पोचतं.

पुन्हा सांगते, कारण हेच निसटतं: क्लोरीन किती, हा प्रश्न नाही. कुठे, हा आहे. याच घराण्यातलं एक विकर पाचव्या कार्बनवर क्लोरीन लावतं, दुसरं सहाव्यावर. रेणू तोच, धरण्याची तऱ्हा वेगळी. कुंकू कपाळाला, तीट गालाला.

त्या ट्रिप्टोफॅनचं पुढे पायरोलनायट्रिन होतं; वाटेत आणखी एक क्लोरीन बसतो. मूळकूज आणणाऱ्या रायझोक्टोनिया बुरशीला ते मारतं. 1964 साली जपानमध्ये ते सापडलं. पण उन्हात टिकेना, म्हणून रसायनज्ञांनी त्याच्याच घडणीवरून फ्लुडिओक्सोनिल हे बीजप्रक्रियेचं औषध तयार केलं.

मग कारखान्यात विकरच का वापरत नाहीत? ते फार संथ आहे, मिनिटाला एखाद-दुसरा रेणू. शिवाय त्याला सतत फ्लॅविन हा मदतनीस रेणू पुरवावा लागतो. वेग वाढवण्याचे प्रयत्न चाललेत, त्यावर बोलायचं होतं, पण समोर वेळ संपल्याचा दिवा लागला.

एवढंच ऐका. किलोभर हरभऱ्याला 10 ग्रॅम भुकटी, तीही सावलीत चोळा. आणि पाकीट घेताना मुदतीची तारीख वाचा. आतला जीव मेला असेल तर कुंकू लावणार कोण?